वार्षिक उद्योग पाहणीचे आकडे: कोकणातला रसायनपट्टा यातून मोजता येतो का?

किंमत शून्य. नोंदणी करायची, फाइल उतरवायची, कामाला लागायचं. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची वार्षिक उद्योग पाहणी, म्हणजे रोजच्या बोलण्यातली 'एएसआय', १९५९पासून चालू आहे आणि आज तिचे कारखानानिहाय आकडे मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर मोफत मिळतात. हे परीक्षण एका नेमक्या कामापुरतं आहे: तारापूर, डोंबिवली, अंबरनाथ, तळोजा, पाताळगंगा, रोहा-धाटाव, महाड, लोटे-परशुराम या पट्ट्यातला रसायन उद्योग वर्षाला किती मूल्य तयार करतो, हे या आकड्यांतून निघतं का?

राज्यापुरतं चोख निघतं. चार आकडी उद्योगवर्गापर्यंत बरं निघतं. जिल्ह्याला पोचेपर्यंत पदरचं बरंच घालावं लागतं. आणि एमआयडीसीच्या एखाद्या वसाहतीचा आकडा कुणी फक्त एएसआयच्या जोरावर देत असेल, तर तो बेधडक नाकारावा.

खोक्यात काय येतं

पाहणीची व्याप्ती कारखाने कायदा, १९४८ वर बेतलेली आहे. वीज वापरत असाल तर १० कामगार, वीज नसेल तर २०. त्याखालचे सगळे बाहेर. आठ माणसांवर चालणारं फिनाइल किंवा साबणाचं युनिट इथे सापडणार नाही. त्यासाठी असंघटित उद्योगांची वेगळी वार्षिक पाहणी आहे. रसायनात हा तुकडा पैशाच्या हिशेबात छोटा असतो, त्यामुळे पट्ट्याच्या मोजमापात फार बिघडत नाही. रोजगार मोजायचा असेल तर मात्र बिघडतं.

महाराष्ट्रात १०० किंवा जास्त माणसं असलेला प्रत्येक कारखाना दरवर्षी घेतला जातो. खालचे नमुन्याने निवडतात आणि प्रत्येकाला एक गुणक चिकटवतात. हा गुणक म्हणजे या आकड्यांचा प्राण. गुणक ४ असेल तर तो एक कारखाना चार कारखान्यांच्या वतीने बोलतोय. तो न लावता सरळ बेरीज केली, तर मोठ्या कारखान्यांचं वजन वाढतं, छोट्यांचं जवळपास नाहीसं होतं, आणि निकाल तरीही दिसायला छान दिसतो. म्हणून ही चूक लवकर पकडली जात नाही.

अनुसूचीचे, म्हणजे कारखान्याने भरायच्या प्रश्नावलीचे, भाग इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात. ए-बीमध्ये ओळख आणि मालकी, सीमध्ये स्थिर मालमत्ता आणि घसारा, डीमध्ये खेळतं भांडवल, ईमध्ये माणसं आणि मजुरी, एफमध्ये इतर खर्च, जीमध्ये इतर उत्पन्न, एचमध्ये देशी कच्चा माल, आयमध्ये आयात केलेला, आणि जेमध्ये उत्पादनं व उपउत्पादनं. रसायनवाल्याने जे आणि एचवर सगळ्यात जास्त वेळ घालवावा.

उद्योगाचा संकेतांक एनआयसी २००८, म्हणजे राष्ट्रीय उद्योग वर्गीकरणाप्रमाणे. विभाग २० म्हणजे रसायनं, २१ म्हणजे औषधं, १९मध्ये रिफायनरी, २२मध्ये रबर-प्लास्टिकच्या वस्तू. २०च्या पोटात २०११ मूलभूत रसायनं (रंगद्रव्यंही यातच), २०१२ खतं, २०१३ प्राथमिक रूपातलं प्लास्टिक आणि कृत्रिम रबर, २०२१ कीटकनाशकं, २०२२ रंग-व्हार्निश-शाई, २०२३ साबण-सौंदर्यप्रसाधनं, २०२९ उरलेलं, २०३० कृत्रिम धागे. आता गोम अशी की कारखान्याचा संकेतांक त्याच्या सर्वांत जास्त मूल्याच्या उत्पादनावरून ठरतो, आणि ठरला की कारखान्याचं सगळं उत्पादन त्या एकाच खात्यात पडतं. कोकणपट्टीत असे अनेक बॅच प्लांट (त्याच यंत्रांत आळीपाळीने वेगवेगळा माल काढणारे) असतात जे एका वर्षी औषधाचं इंटरमीडिएट, म्हणजे मधल्या टप्प्याचं रसायन, जास्त करतात, दुसऱ्या वर्षी कीटकनाशकाचं. कारखाना तोच, रिअॅक्टर तेच, आणि आकड्यात मात्र तो २१मधून २०मध्ये उडी मारतो. म्हणून 'रसायन वाढलं, औषध घटलं' असं वाक्य लिहिण्याआधी २० आणि २१ची एकत्र बेरीज पाहावी. ती स्थिर असेल तर फक्त पाट्या बदलल्या आहेत.

कोणता आकडा उचलायचा

बातम्यांमध्ये 'उत्पादन इतक्या लाख कोटींचं' असा आकडा येतो तो बहुधा एकूण उत्पादनाचा, म्हणजे ढोबळ उलाढालीच्या जवळचा असतो. प्रदेशाची कमाई मोजायला तो चालत नाही. स्थूल मूल्यवर्धन हवं, म्हणजे उत्पादन वजा कच्चा माल, इंधन आणि बाहेरून घेतलेल्या सेवा. त्यातून घसारा काढला की निव्वळ.

फरक किती पडतो? २०२२-२३च्या पाहणीत देशभरच्या कारखान्यांचं एकूण उत्पादन चालू किमतींत २१.५ टक्क्यांनी वाढलं, मूल्यवर्धन फक्त ७.३ टक्क्यांनी. पुढच्याच वर्षी उलटं: उत्पादन ५.८ टक्के, मूल्यवर्धन ११.८९ टक्के. कच्चा माल महागला की उत्पादन फुगतं, उतरला की मूल्यवर्धन वर येतं. पेट्रोलियमवर चालणाऱ्या रसायन धंद्यात हा हेलकावा आणखी मोठा.

रसायनात दुसरी अडचण साखळीची. बेंझीनपासून नायट्रोबेंझीन, त्यापासून अॅनिलीन. रायगडमधल्या रसायनी गावी हिंदुस्तान ऑरगॅनिक या सरकारी कंपनीने हाच मार्ग चालवला होता. रेणुभाराच्या हिशेबाने १०० टन अॅनिलीनला साधारण १३२ टन नायट्रोबेंझीन लागतं आणि त्याला ८४ टन बेंझीन. समजा बेंझीन ६३ लाखांचं, नायट्रोबेंझीन ९९ लाखांचं, अॅनिलीन १३० लाखांचं. नायट्रिक आम्ल, हायड्रोजन, वाफ-वीज पहिल्या टप्प्यात १६ लाख, दुसऱ्यात ११ लाख. दोन टप्पे दोन कारखान्यांत असतील तर उत्पादनाची बेरीज २२९ लाख. एकाच कुंपणात असतील तर १३० लाख. मूल्यवर्धन दोन्हीकडे ४० लाखच. एखाद्या कंपनीने शेजारचा प्लांट विकत घेऊन जोडला की जिल्ह्याचं 'उत्पादन' कोसळतं, आणि प्रत्यक्षात एक किलोही कमी झालेला नसतो.

फाइल उघडल्यावर

जुन्या वर्षांच्या फाइली ठरावीक रुंदीच्या टेक्स्टमध्ये आहेत, सोबत लेआउटची एक्सेल. प्रत्येक वर्षाचा लेआउट वेगळा वाचावा. मागच्या वर्षाचा कोड तसाच चालवला तर एखादा रकाना सरकतो आणि मजुरीच्या जागी कामाचे दिवस येतात. कारखानानिहाय फाइलमध्ये रक्कम रुपयांत असते, प्रकाशित तक्त्यांत लाखांत. दोन्ही ताडून पाहताना हे विसरलं की तास दोन तास वाया.

जे आणि एच या भागांत वस्तूंच्या ओळींखालीच बेरजेच्या ओळी असतात. एचमध्ये तर मुख्य मालाची बेरीज वेगळी, इंधन-पॅकिंग वगैरेची वेगळी आणि शेवटी दोन्हींची मिळून. त्या न गाळता सगळ्या ओळी जोडल्या की कच्च्या मालाचा खर्च तिप्पट होतो आणि मूल्यवर्धन ऋण येतं. निम्म्याहून जास्त कारखाने तोट्यात दिसले, तर आधी इथे पाहावं.

मग दराची चाचणी. जेमध्ये प्रत्येक उत्पादनाचं प्रमाण, विक्री, वितरणखर्च आणि प्रति एकक निव्वळ किंमत असते. त्या किमतीला वर्षात तयार झालेल्या मालाने गुणून एक्स-फॅक्टरी, म्हणजे कारखान्याच्या दारातलं, मूल्य निघतं. म्हणजे विकलेला नव्हे, बनवलेला माल मोजला जातो. ही पद्धत योग्यच आहे. फक्त किलोच्या जागी टन पडला की दर हजारपट चुकतो. सात आकडी उत्पादन-संकेतांक घ्यावा, त्या संकेतांकातल्या सगळ्या कारखान्यांचा मध्यक दर काढावा, आणि जो दहापट वर किंवा खाली आहे तो हाताने तपासावा. मोठ्या कारखान्याची एक चुकीची ओळ आख्खा वर्ग हलवते.

दर पाहताना रसायनाची ताकदही लक्षात घ्यावी. १०० टन ४८ टक्के कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) म्हणजे ४८ टन कॉस्टिक. कुणी द्रवाचं वजन लिहितो, कुणी १०० टक्क्यांवर आणलेलं. फॉर्मल्डिहाइड बाजारात ३७ टक्क्यांनी जातं. रंगद्रव्यात तर मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट घालून ताकद जुळवतात, त्यामुळे टनांचा आकडा हा रंगाइतकाच मिठाचाही असतो. रुपयांतला आकडा यात टिकतो, टनांतला नाही. ज्यांना 'पट्ट्यात किती टन रसायन बनतं' हेच हवं असतं त्यांना हे पटवणं कठीण जातं, पण टनांची सरसकट बेरीज म्हणजे आंबे-फणसांची बेरीज.

रसायनाची खास भोकं

जॉबवर्क पहिलं. दुसऱ्याचा कच्चा माल घेऊन त्यावर प्रक्रिया करून देणारा कारखाना जेमध्ये जवळपास रिकामा दिसतो, कारण माल त्याचा नाही. त्याची कमाई जीमध्ये सेवेची प्राप्ती म्हणून येते. जी सोडून दिला तर महाड-लोट्यातले कित्येक प्लांट शंभर कामगार घेऊन काहीच न बनवणारे दिसतील. आणि ज्याचा माल आहे त्याच्याकडे ती रक्कम खर्चात जायला हवी. दोन्ही टोकं बघितली तरच हिशेब मिटतो.

सॉल्व्हंट, म्हणजे विद्रावक, दुसरं. टोल्युइन, मिथेनॉल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बॅचमधून परत मिळवून पुन्हा वापरतात. खरा इनपुट म्हणजे फक्त नव्याने घातलेली भर. पण स्टोअरच्या इश्यू स्लिपांवरून खर्च भरला गेला, तर परत मिळवलेलं सॉल्व्हंट प्रत्येक फेरीला नव्याने मोजलं जातं. ओळखायची खूण सोपी: सॉल्व्हंटचं वजन उत्पादनाच्या वजनाच्या कितीतरी पट दिसतं.

उपउत्पादनांत स्पेंट अॅसिड (वापरून उरलेलं आम्ल), जिप्सम, क्लोरिनेशनमधून सुटणारं हायड्रोक्लोरिक. कधी यांना गिऱ्हाईक असतं, कधी उचलून नेणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतात. पैसे द्यावे लागत असतील तर ते उत्पादन नाही, तो खर्च आहे. तळोज्याच्या घातक कचरा केंद्राचं बिल आणि सामायिक सांडपाणी प्रक्रियेची वर्गणी याही खर्चाच्याच बाजूला.

कंत्राटी कामगार. एएसआय त्यांना ईमध्ये मोजते, म्हणजे त्यांचं वेतन मूल्यवर्धनातच राहतं. कंपनीच्या वार्षिक अहवालात हेच पैसे बऱ्याचदा 'इतर खर्चा'त जातात. अहवालावरून मूल्यवर्धन काढून एएसआयशी ताडलं तर ते कमी भरतं. कंत्राटी माणसं जितकी जास्त, तितकी ही फट मोठी.

खतांचं प्रकरण वेगळंच. शेतकऱ्याला ४५ किलोची युरियाची गोणी कर आणि नीम-लेपन सोडून २४२ रुपयांना मिळते. या दराने अलिबागजवळच्या थळ खत कारखान्यातल्या युरियाचं मूल्य लावलं तर कारखाना गॅसच्या खर्चाखालीच दबेल आणि रायगडचं मूल्यवर्धन खड्ड्यात जाईल. अनुसूचीत अनुदानाचा रकाना आहे, तो याचसाठी. २०१२ वर्गात ऋण किंवा संशयास्पद आकडा आला की तो रकाना रिकामा तर नाही ना, हे आधी पाहावं. आणि अनुदान धरून काढलेला आकडा अनुदान न धरलेल्या आकड्याशेजारी ठेवू नये.

जिल्ह्याचं काय

इथे हा आकडेसंच कमी पडतो. प्रकाशित तक्ते राज्यापर्यंत थांबतात. गोपनीयतेसाठी कारखान्यांची ओळख झाकलेली असते, आणि अलीकडच्या वर्षांच्या सार्वजनिक फाइलींत जिल्हा मिळेल असं धरून काम आखू नये. शिवाय एकाच मालकाचे, एकाच राज्यातले, एकाच उद्योगगटातले कारखाने संयुक्त विवरण भरू शकतात. एका कंपनीचा एक प्लांट तुर्भ्याला आणि एक रोह्याला असेल, आणि विवरण एकच आलं असेल, तर जिल्हा कुठला म्हणायचा? एमध्ये युनिटांची संख्या दिलेली असते. ती एकाहून जास्त असलेल्या ओळी बाजूला काढाव्यात.

मालिका लांबवताना आणखी एक खाच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि तारापूर त्याच्याबरोबर गेलं. २०१३-१४ आणि २०१५-१६चं ठाणे शेजारी ठेवून 'ठाण्यात रसायन उद्योग ढासळला' असं लिहिणं म्हणजे नकाशावरची रेघ कारखान्यावर ढकलणं. दोन्ही जिल्हे जोडूनच मालिका करावी.

कामचलाऊ मार्ग असा. राज्याचं मूल्यवर्धन चार आकडी वर्गांत काढा. प्रत्येक वर्गात माणशी मूल्यवर्धन काढताना मोठे आणि छोटे कारखाने वेगळे ठेवा. थळचं खत संकुल आणि बदलापूरचं वीस माणसांचं युनिट एका सरासरीत घालू नका. मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडच्या नोंदणीतून जिल्ह्यातले कारखाने आणि कामगार घ्या, आणि त्या माणशी दराने वाटणी करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रांत उत्पादनाचं नाव आणि महिन्याची मर्यादा असते. कोण काय बनवतो ते त्यातून कळतं. पण ती कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष उत्पादन नव्हे. बॅच प्लांटची संमतीतली सगळी उत्पादनं जोडली तर तो स्वतःच्या रिअॅक्टरांपेक्षा मोठा ठरतो, कारण ती एकाआड एक घेतली जातात, एकदम नाही.

अशी वाटणी करून जे येईल ते गोल आकड्यात द्यावं. दशांशानंतर दोन अंक लिहिले तर वाचणाऱ्याचा गैरसमज होतो.

महागाई काढताना

महागाई वगळायला रुपयांतला आकडा किंमत निर्देशांकाने भागतात. घाऊक किंमत निर्देशांकाच्या २०११-१२ पायाच्या मालिकेत रसायनांचं वजन शंभरात ६.४६५ आहे आणि खाली उपगटही आहेत. सगळ्यांना 'रसायनं' या एकाच निर्देशांकाने भागू नये. साबण आणि मूलभूत रसायनं यांच्या किमती एका दिशेनेही चालत नाहीत.

त्याहून मोठी चूक मूल्यवर्धनालाच उत्पादनाच्या निर्देशांकाने भागण्याची. समजा उत्पादन १००, इनपुट ७५, मूल्यवर्धन २५. पुढच्या वर्षी तेवढाच माल बनला, मालाची किंमत १० टक्के चढली, कच्च्या मालाची १३.३. आता उत्पादन ११०, इनपुट ८५, मूल्यवर्धन पुन्हा २५. ते १.१०ने भागलं की २२.७, म्हणजे 'उद्योग ९ टक्के आकसला'. उत्पादन आणि इनपुट वेगवेगळे भागले तर १०० वजा ७५, बरोबर २५. काहीच आकसलं नव्हतं. एच भागात इनपुटची यादी आहेच, तर ही दुहेरी पद्धत वापरायला सबब नाही.

बाकीचे पर्याय

औद्योगिक उत्पादन निर्देशांक दरमहा येतो, वेग त्याचा आहे, पण तो देशाचा. रायगडला त्यातून काही कळत नाही. केंद्राच्या रसायन आणि पेट्रोरसायन विभागाची वार्षिक आकडेवारी क्षमता आणि टनांसाठी चांगली, रुपयांतल्या मूल्यवर्धनासाठी नाही. कंपन्यांचे व्यापारी डेटाबेस महाग आणि कंपनीनिहाय: नोंदणीकृत कार्यालय मुंबईत, कारखाना लोट्यात, तर पैसे मुंबईत दिसतात. राज्याच्या उत्पन्नाच्या अंदाजातही कंपनी क्षेत्राचा राष्ट्रीय आकडा राज्यांत वाटायला एएसआयचाच आधार घेतला जातो, त्यामुळे तो एएसआयला पडताळणी म्हणून वापरला तर आपण वर्तुळात फिरतो. ई-सांख्यिकी पोर्टल २०२४मध्ये आलं. तयार तक्ते हवे असतील तर तिथून पाच मिनिटांत मिळतात, मायक्रोडेटाला हात लावायची गरज नाही.

सर्वांत दुर्लक्षित पर्याय राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचा. केंद्राच्या नमुन्याबरोबर राज्यही स्वतःचा नमुना घेतं. दोन्ही एकत्र केले की कारखान्यांची संख्या वाढते आणि जिल्ह्याचा अंदाज जरा पायावर उभा राहतो. जिल्हा पातळीचं काम गांभीर्याने करायचं असेल तर आधी तिकडे विचारावं.

उशीर ही जुनी तक्रार. २०२०-२१ आणि २०२१-२२चे निकाल एकदमच फेब्रुवारी २०२४मध्ये आले. २०२३-२४चे ऑगस्ट २०२५मध्ये, म्हणजे वर्ष संपल्यावर साधारण १७ महिन्यांनी. सुधारणा आहे. पण गेल्या तिमाहीत तळोज्यात काय झालं हे विचारायला कुणी येत असेल, तर त्याला विजेचा वापर आणि जीएसटीची वसुली बघायला सांगावं.

प्रबंध करणारे, जिल्हा नियोजनात बसणारे, उद्योग संघटनेसाठी टिपण लिहिणारे यांनी हा आकडेसंच घ्यावाच. एक्सेलपुढे न जाणाऱ्याने तयार तक्त्यांवर थांबावं. आणि घेतलाच, तर पहिल्या दिवशी एकच काम करावं: महाराष्ट्र, विभाग २०, गुणक लावून मूल्यवर्धनाची बेरीज, आणि ती प्रकाशित तक्त्याशी ताडणे. ती जुळेपर्यंत पुढचं काहीही काढू नये.